कौसाकाकूंच्या लाल टिकल्या

कौसाकाकू विधवा, स्वतः टिकली लावत नाहीत. पण बदनापुरात टिकल्यांची पाकिटं सर्वांत जास्त त्याच घेतात. त्या टिकल्या जातात लोकांच्या कॅलेंडरवर. पाळी आली त्या तारखेला एक लाल टिकली, असा गल्लीतल्या लेकीसुनांना त्यांचा नियम.

कुणाच्याही घरात शिरल्या की चहाआधी कॅलेंडर बघतात. एकदा माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "ह्या टिकल्या गॅस सिलिंडरच्या तारखांच्या का?" मी "हो" म्हणणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "न्हाई दादा, सुनंच्या पाळीच्या. बराबर चालून राह्यलंय, काळजी न्हाई." सासरे जे उठून मारुतीच्या पारावर गेले, ते जेवायलाच परतले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कॅलेंडर दाराआड हलवलं.

जालन्याच्या जीपमध्ये तर कहर. एक पोरगी मैत्रिणीशी कुजबुजत होती, पाळी चार दिवस लांबली म्हणून. काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "एकवीस ते पस्तीस दिवसांत आली तरी बराबर. आठ-आठ दिवस चालली, न्हाईतर पाळी कायमची गेल्यावर परत रक्त दिसलं, तर मंग जल्दी डॉक्टरीण. लाजायचं बिलकुल न्हाई." ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज वाढवला. मी खिडकीबाहेर बघत बसले, ह्या बाई माझ्या कुणीच नाहीत असं दाखवत.

गेल्या महिन्यात विरजण मागायला त्यांच्याकडे गेले. दाराआड, माझ्यासारखंच, एक कॅलेंडर लटकलं होतं. त्यावर तीन महिन्यांत अकरा टिकल्या. घरात त्या एकट्याच राहतात. आणि पाळी जाऊन सात वर्षं झाली, हे त्यांनीच साऱ्या गल्लीला सांगितलेलं.

"काकू, हे काय?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "लाज वाटती बाई. ह्या वयात कोणाला सांगावं? अन् मला कोण विचारून राह्यलंय?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला माझीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर गुंडाळून आम्ही जालन्याला गेलो. जीपमध्ये ह्या वेळी काकू खिडकीबाहेर बघत बसल्या. डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं, तर काकूंची मान खाली. मी हळूच सांगितलं. डॉक्टरीणबाईंना ऐकू गेलं नाही.

मग मी काकूंच्याच पट्टीत म्हणाले, "पाळी जाऊन सात वर्षं झाली, आता परत रक्त जातंय. तीन महिन्यांत अकरा दिवस मोजलेत." बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असणार. टेबलाखाली काकूंनी माझा हात धरला, तो तपासणी होईपर्यंत सोडला नाही.