राखणदाराची बदली व्हावी म्हणून

पंचायत कारकुनाच्या परीक्षेत मी पहिला आलो. पेपरात नाव छापून आलं, आईने शेजारी पेढे वाटले. आता हे सगळं विसरा. असं काही घडलेलंच नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलं आहे. मग सांगतोय काय? अभ्यास कसा करावा, तेवढंच.

अभ्यासाचा माझा बेत अजोड होता. आमचं घर गोव्यात, धारगळला, हमरस्त्याला चिकटून. ट्रकचा हॉर्न वाजला की डोक्यातले मौर्य आणि गुप्त एकमेकांत मिसळतात. म्हणून मी भर दुपारी मागच्या काजूच्या बागेत जाऊन इतिहास, राज्यशास्त्र आणि धर्मांचे प्रश्न मोठ्याने वाचायचो. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. हुकली तर मुरगाव बंदरात महादेवमामाच्या हाताखाली खनिजाची धूळ खात ट्रक मोजायचे, हे ठरलेलं. मामा म्हणाला होता, "धुळीची सवय होता रे. माका बघ." मी मामाकडे बघितलं आणि अभ्यासाला लागलो.

बागेच्या टोकाला राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे गावाच्या शिवेवर फिरणारा, न दिसणारा मालक. अंगावर कांबळं, हातात घुंगरांची काठी. दर वर्षी त्याच्यापुढे चामड्याच्या कोऱ्या वहाणा ठेवतात आणि वर्षभरात त्या झिजतात. कोण झिजवतं, हे आमच्याकडे विचारत नाहीत.

मीही विचारलं नव्हतं. मी फक्त पुस्तकातला प्रश्न वाचला.

"राज्यघटनेचा राखणदार कोण?"

किरकिरणारे किडे एकदम गप्प झाले. वारा नव्हता, तरी वाळलेला पाचोळा चुरचुरला, कुणीतरी भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावा तसा.

"हांव," दगडामागून आवाज आला. हांव म्हणजे मी.

उत्तर चुकीचं होतं. पुस्तकात सर्वोच्च न्यायालय होतं. पण चूक दाखवायची ती वेळ नव्हती. पळायला पायही तयार नव्हते, म्हणून मी पुढचा प्रश्न वाचला. भीतीने माणूस काहीही करतो, मी अभ्यास केला.

"गोवा कधी मुक्त झाला?"

"परवां."

"पोर्तुगीज इथे किती काळ होते?"

"येवन गेले."

"बौद्ध धर्माची स्थापना कोणी केली?"

"तो ह्या वाटेन येवंक ना."

"राज्यपालांची नेमणूक कोण करतं?"

"तुजी कोण करता?"

इथे पाय तयार झाले. मी घरी पोचलो तेव्हा एक चप्पल बागेत होती.

आई भात वाढत होती. नाव शेवंती, पण बोलणं फुलासारखं नाही. सगळं ऐकून म्हणाली, "तुका गावात दुसरो शब्द गावलो नाय? त्याच्या दारात उभो रवान त्याचीच चौकशी?"

"पुस्तकात होता गो."

"मग पुस्तकवाल्याक बोलव पाया पडूक."

बाबांना मात्र आनंद झाला. बाबलीशेठ, म्हणजे माझे बाबा, गावात गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, मागच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. बाबांना तोंडाने सजवून बोलायची भारी हौस.

"आपणहून बोललो म्हणजे प्रसन्न आसा," ते म्हणाले. "कोऱ्यो वहाणो हाड." हाड म्हणजे आण.

"बोला, पण सांभाळून बोला," आई म्हणाली. "त्याका अलंकार कळणत नाय."

दुसऱ्या दुपारी आम्ही दगडापुढे उभे राहिलो. बाबांनी डोळे मिटले. "बा देवा राखणदारा, आज ह्या तुझ्या लेकरान अभ्यासाक हात घातलो, त्याका यश दी म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी आणि आई.

"त्याची वाट मोकळी कर म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि ही नोकरी लागली, तर ती आमची नाय, ती तुझीच म्हाराजा."

मी सवयीने "होय म्हाराजा" म्हटलं. आईने म्हटलं नाही. पाचोळा पुन्हा चुरचुरला.

परीक्षेत मी पर्यायांवरून पेन फिरवायचो आणि बरोबर उत्तरावर आलं की कानामागे घुंगरू वाजायचं. शेजारच्या मुलाने दोनदा माझ्या पायांकडे पाहिलं. राज्यघटनेच्या राखणदाराचा प्रश्न तिथेही होता. सर्वोच्च न्यायालयावर घुंगरू वाजलं नाही. 'यांपैकी नाही'वर दणकून वाजलं. मी मुकाट खूण केली. पुढे तो प्रश्न सदोष ठरवून सगळ्यांना गुण दिले. आणि मी पहिला.

रुजू व्हायच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून पंचायतीत गेलो. अंगठ्याच्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र बाईच्या गोड आवाजात म्हणालं, "आपण आधीच हजर आहात."

तिथल्या रूपालीताई संगणकावरून मान न उचलता म्हणाल्या, "कोणाक भेटूचा रे तुका?"

"मी दत्तप्रसाद. नवीन कारकून."

"दत्तप्रसाद आत बसलो आसा. सकाळीच इलो."

"ताई, दत्तप्रसाद मी."

आता त्यांनी मान उचलली. "दोघे आसात?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दुसऱ्याचा नाव सांगून काम मागू नको हां. तो बरो आसा. थंडी वाजता म्हणान कांबळा घेता, मान वर करणा नाय, पण सकाळपासून साठलेल्यो सगळ्यो फायली वाटेक लावल्यो. चाय सुद्धा मागूक नाय. फक्त एक विडी."

सरपंच मागून आले. "असलो कारकून ह्या पंचायतीन कधी बघूक नाय," ते म्हणाले. "चिरीमिरी देवूक गेलेलो एक कंत्राटदार अजून थरथरता."

आतली खोली अर्धवट अंधारी होती. दार किलकिलं. शिक्का पडत होता, धप्प, धप्प, आणि प्रत्येक धप्पनंतर बारीकसं घुंगरू. टेबलावरून कांबळ्याचं टोक लोंबत होतं. टेबलाखाली बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तेवढं मात्र पाळलं.

मी दारातूनच विचारलं, कारण उत्तर बरोबर यायची थोडी आशा होती.

"कारकून कोण?"

शिक्का थांबला.

"हांव."

परत येताना मी दगडापाशी गेलो. गाऱ्हाण्याला ठेवलेल्या वहाणा सकाळपर्यंत कोऱ्या होत्या, त्या एकाच दिवसात झिजल्या होत्या आणि तळव्यांना स्टॅम्पपॅडची जांभळी शाई लागली होती. शेजारी माझी हरवलेली चप्पल नीट ठेवलेली. तिलाही शाई.

घरी बाबा म्हणाले, "असा काय घडूकच नाय, समजलो?" आईने मामाला फोन लावला.

आता मी मुरगावला ट्रक मोजतो. धुळीची सवय होत नाही. म्हणून खात्याकडे अर्ज केला आहे. तो योग्य मार्गाने, म्हणजे पंचायतीच्या कारकुनाच्या शिक्क्यानेच पुढे जातो.

तरी विनंती की, धारगळ येथील विद्यमान कारकून श्री. राखणदार यांची, त्यांचा राखणीचा दीर्घ अनुभव पाहता, मोरजी किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांवर देखरेखीसाठी तातडीने बदली करण्यात यावी. रिकाम्या होणाऱ्या जागी अर्जदारास रुजू करून घ्यावे. आणि तोपर्यंत अर्जदाराची चप्पल कार्यालयीन कामासाठी वापरू नये, असे त्यांना लेखी कळवावे.