सातुर्निनो जेवतात कुठे?

परक्या गावात खरंखुरं जेवण कसं शोधावं, याचं शास्त्र आता पूर्णत्वाला पोचलं आहे. मुख्य सिद्धांत असा, की गावातला म्हातारा जिथे जेवतो तिथे जेवावं. (मग म्हाताऱ्याने कुठे जेवावं, याबद्दल शास्त्र मौन पाळतं.)

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात, नदीपलीकडच्या त्रियाना भागात असा एक अव्वल म्हातारा उपलब्ध आहे. नाव सातुर्निनो. टोपी जुनी, चाल संथ, चेहरा त्रासलेला. सर्व निकषांत चोख बसणारा. बायको गेल्यापासून ते रोज दुपारी फर्मीनच्या बारमध्ये, काउंटरच्या टोकाला उभं राहून पालक-छोले खात. स्वयंपाक त्यांना येत होता, पण एकट्याने जेवायला बसलं की घास घशाखाली उतरत नसे. फर्मीन त्यांना बघताच "आलास का मेल्या" म्हणे, आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

मे महिन्यात त्यांच्या मागून, आदरपूर्वक अंतर राखत, एक जर्मन जोडपं आलं. महिनाअखेरीस दर म्हाताऱ्यामागे साडेअकरा पाहुणे असं प्रमाण पडलं. (अर्धा पाहुणा बाबागाडीत असे.)

फर्मीनची एकच अडचण झाली. जमिनीवर चुरगळलेले कागदी रुमाल दिसले तरच बार अस्सल, असा नियम आहे, आणि हा पडला टापटिपीचा. तेव्हा तो रोज सकाळी फरशी लख्ख पुसून तिच्यावर नवेकोरे रुमाल चुरगळून टाकू लागला. पाहुण्यांना खडूस मालक आवडतो असं कळल्यावर तो बायकोकडून खडूसपणाही शिकला. (तिने ही विद्या विनामूल्य दिली.) आता तो येईल त्याला "आलास का मेल्या" म्हणे आणि लोक टाळ्या वाजवत. सातुर्निनोंना ते फार लागलं.

एक दिवस काउंटरचं टोकही गेलं. फर्मीन कळवळून म्हणाला, "सातुर्निनो, जरा सरक ना बाबा. लोक तुला बघायला आलेत, तू मधे मधे येऊ नकोस."

सातुर्निनोंनी दुसरा बार धरला. तो तीन दिवसांत भरला. तिसरा दोन दिवसांत. मग चिडून ते मोठ्या चर्चसमोरच्या त्या हॉटेलात शिरले, जिथे पदार्थांचे फोटो बाहेर टांगलेले असतात, भात कालचा असतो आणि सेव्हिलचा माणूस पाऊसपाण्यातसुद्धा आडोशाला थांबत नाही. मालकाने ताबडतोब फोटो उतरवले. आठवड्याभरात ते हॉटेल 'फक्त जाणकारांना माहीत असलेली जागा' झालं. जाणकारांची रांग पार चौकापर्यंत जाई.

शेवटी त्यांनी अर्धी चड्डी चढवली, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि परत फर्मीनकडे गेले. मागे चिटपाखरू नव्हतं. फर्मीनने त्यांना ओळखलंच नाही. "आलास का मेल्या," म्हणाला आणि टाळीची वाट बघत उभा राहिला.

त्या संध्याकाळी सातुर्निनो खूप हिंडले. आणि स्टेशनमागच्या गल्लीत त्यांना ती जागा सापडली. मालक गुरमीतसिंग, मूळचा जालंधरचा. ताटात पालक-छोले, तिखट जरा चढं. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना नावाने हाक मारली, तिसऱ्या दिवशी न विचारता कांदा आणून ठेवला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. (तिखटाचा वाटा निम्मा धरावा.) स्पेनला येऊन अस्सल जेवण शोधणारा कोणीही शहाणा माणूस इथे पाऊल टाकणार नव्हता.

चौथ्या दिवशी दारात बस थांबली. आतून चाळीसेक मंडळी उतरली. आदल्या रात्री त्यांच्या भातात शिंपले निघाले होते आणि तेव्हापासून सगळा ग्रुप वरणाच्या शोधात होता. आत शिरताच पुढच्या बाई थबकल्या.

"अहो, बघा बघा, इथली माणसंसुद्धा इथेच जेवतायत. म्हणजे जागा चांगली असणार." मग सातुर्निनोंकडे वळून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "काका, जरा सरकता का? ग्रुप फोटो काढायचाय."

सातुर्निनोंना मराठीचा गंध नाही. पण हे वाक्य त्यांना एव्हाना कुठल्याही भाषेत कळू लागलं होतं. ते ताट घेऊन उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

फोटो छान आलाय. तुमच्या मोबाइलमध्ये असेलच. कडेला हातात अर्धं ताट धरून उभा असलेला जो माणूस तुम्ही ग्रुपवर टाकण्याआधी कापून काढलात, ते सातुर्निनो.