कुकरच्या रिंगेइतकं सोपं

कुठलीही अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! हे मी उगाच म्हणत नाही, मला त्याचाच पगार मिळतो. मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्या खोक्यात एक छोटी पुस्तिका असते बघा, जी तुम्ही न वाचताच फेकून देता, ती मी लिहितो. 'पंखा फिरत असताना पात्याला हात लावू नये' हे वाक्य माझं आहे! त्या एका वाक्याने किती बोटं वाचवली असतील, पण कधी कोणाचं आभाराचं पत्र आलं नाही. असो.

तर मुद्दा असा की, ज्याने घराघरात इस्त्री कशी धरायची ते शिकवलं, त्याला गाडीच्या इंजिनावर एक झाकण बसवता येऊ नये? येणारच! निदान मला तरी तसं वाटलं होतं.

गाडी माझी नाही, बायकोची. बायको दातांची डॉक्टर आहे आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवते. बसकी, टर्बोवाली, चालू केली की आमच्या कपाटातल्या वाट्या वाजायला लागतात अशी गाडी. शर्यतीच्या ठिकाणी आजवर माझं काम म्हणजे डबा आणि पाण्याची बाटली सांभाळणं. या रविवारी घाटातली शर्यत होती. बायकोला पहिल्यांदाच वरच्या गटात जागा मिळाली होती, तीही कोणीतरी ऐनवेळी गळाल्यामुळे. ही हुकली तर पुन्हा वर्षभर वाट बघायची! आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीने पांढरा धूर ओकायला सुरुवात केली.

भानगड काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनाचा खालचा ठोकळा म्हणजे ब्लॉक, वरचं जडशीळ झाकण म्हणजे हेड, आणि दोघांच्या मधे पोलादी पत्र्याचं पातळ गॅस्केट. साध्या गाडीचं इंजिन जरा समजूतदार असतं. शर्यतीच्या इंजिनात दाब भयंकर, त्यामुळे हे गॅस्केट कुठे जराही वाकडं बसलं की संपलं. पाणी जिथे जाऊ नये तिथे जातं आणि धूर होऊन बाहेर येतं. बायकोने आणि तिच्या मेकॅनिकने मिळून हेड उतरवलं, सपाट करून आणलं, नवं गॅस्केट मागवलं. आता फक्त बसवायचं, तर मेकॅनिकची कंबर धरली! तो घरी जमिनीवर उताणा पडलेला, आणि बायकोला दोन दिवस परगावी कामाला जाणं भाग होतं.

"मी बसवतो," मी म्हणालो.

रोज न चुकता दोनदा ब्रश करतो म्हणणाऱ्या पेशंटकडे ती ज्या नजरेने बघते, त्याच नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू?"

"का? त्यात काय एवढं? ठेवायचं आणि आवळायचं!"

तिच्याकडे दुसरा इलाज नव्हता. बॅग खांद्याला लावता लावता तिने मला बजावलं, "नीट ऐक. दोन्ही बाजू स्वच्छ आणि कोरड्या. कोरड्या म्हणजे कोरड्या! तेलाचा थेंब नको, बोटाचा ठसा नको. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेर जायचं, थोडे थोडे आवळत, फेऱ्या करत. पाना टिक् वाजला की थांबायचं. बाकीची जोडणी मी शनिवारी आल्यावर करते. आणि घरातल्या कोणाला हात लावू देऊ नकोस."

"अगं, घरात आहे तरी कोण? आई आणि मामा!"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि गेली.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. चार दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता दोन पावसाळे झाले. आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होते. गळणारा नळ दिसला की त्यांना तरतरी येते, न गळणारा दिसला की संशय.

सकाळी मी गॅस्केट वेष्टनातून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. आई आणि मामा दोन्ही बाजूंनी त्यावर वाकले.

"हे काय रे?" आईने विचारलं.

आता, इथे मी गप्प बसलो असतो तर ही कथा इथेच संपली असती! पण समोर दोन माणसं, दोघांनाही काही कळत नाही, आणि सोपं करून सांगणं माझ्या रक्तातच.

"अगदी सोपं आहे, आई. इंजिन म्हणजे आपला कुकर. हेड म्हणजे झाकण. आणि ही आहे त्याची रिंग. रिंग खराब झाली की वाफ बाजूने जाते, बस्स!"

"हात्तिच्या! मग तसं सांग की," आई म्हणाली.

मामांनीही मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग गॅरेजमध्ये जाऊन मी ब्लॉकची वरची बाजू पुसायला बसलो. पुसता पुसता साफ करायचं औषध संपलं, म्हणून दुकानात जाऊन आलो. परत येऊन बघतो तर टेबल रिकामं!

"आई, इथलं गॅस्केट कुठंय?"

"कुठलं काय?"

"ते पत्र्याचं! भोकं भोकं असलेलं!"

"तुझी ती रिंग होय? ठेवली मी नीट."

"नीट म्हणजे कुठे?"

"फ्रीजरमध्ये."

मी खुर्ची शोधून बसलो.

"अरे, कुकरची रिंग सैल झाली की फ्रीजरमध्येच ठेवतात. गार झाली की घट्ट बसते! ही तर पत्र्याची, हिला वेळ लागणार म्हणून एकदम तळाशी ठेवलीय, वाटाण्यांच्या खाली. आणि त्याआधी तेलाचं बोट फिरवलंय." मग जराशी थांबून, कौतुकाची वाट बघत ती म्हणाली, "दोन्ही बाजूंनी!"

फ्रीजर उघडला. वाटाण्याच्या पिशवीखाली, बर्फात रुतून बसलेलं बायकोचं गॅस्केट तेलाने चमकत होतं! ओढलं तर वाकणार, न ओढलं तर तिथेच राहणार. मी फ्रीजचं बटण बंद करून बर्फ वितळायची वाट बघत त्याच्या उघड्या दारात उभा राहिलो. आई मागून म्हणत होती, "आत्ता कशाला काढतोस? आत्ताशी तर ठेवलंय!" शेवटी ते सुटलं. सोबत तीन वाटाणे चिकटून आले.

तेल पुसलं, औषधाने पुन्हा पुसलं, तरी त्याला घाम फुटतच होता. म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि गॅस्केट हातमोज्यात धरून वाळवत बसलो. तेवढ्यात बायकोचा फोन!

"काय चाललंय?"

"काही नाही, वाळवतोय."

"काय वाळवतोयस?"

"केस!"

माझ्या डोक्यावर केस किती आहेत हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"सगळं ठीक आहे ना?" तिने सावकाश विचारलं.

"एकदम ठीक!" मी म्हणालो, आणि मामांना वाटाणे उचलायची खूण केली.

पण सांगतो, त्यानंतरचं काम मी खरंच झकास केलं! गॅस्केट ठसा न उमटवता जागेवर ठेवलं. हेड मी आणि मामांनी दोन बाजूंनी धरून अलगद त्यावर ठेवलं. मग बोल्ट. मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे, पुन्हा मधल्यापासून. तो खास पाना ठरलेल्या जोरापर्यंत आला की टिक् वाजतो, आणि मी लगेच थांबत होतो. मामा स्टुलावर बसून बघत होते आणि प्रत्येक टिक् ला त्यांचा चेहरा पडत होता.

"हा पाना घाबरट आहे रे," ते शेवटी म्हणाले. "जरा जोर लागला की ओरडतो."

"मामा, तेवढाच जोर द्यायचा असतो."

"आम्ही पाइपलाइनी बसवल्या. एकही पाना कधी ओरडला नाही!"

एवढ्यात आईने चहाला हाक मारली. मी आत गेलो, हात धुतले, चहा घेतला, आणि आईला बोल्ट मधल्यापासूनच का आवळायचे ते समजावून सांगायला लागलो. पोळपाटावर पोळी मधून बाहेर लाटतात तसं, असं काहीतरी छान जमत आलं होतं. तेवढ्यात गॅरेजमधून आवाज आला, कर्रर्र! मग पुन्हा, कर्रर्रर्र!

कप ठेवून धावलो. मामांनी साध्या पान्याच्या दांड्यात हातभर लांब लोखंडी पाइप अडकवला होता आणि त्यावर छातीने रेलून ते शेवटचा बोल्ट पिळत होते.

"झालं!" कपाळ पुसत ते म्हणाले. "अर्धा अर्धा आटा मारला सगळ्यांना. आता बापजन्मात गळायचं नाही!"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना! या टोकापासून त्या टोकापर्यंत, रांगेत. तो कोपऱ्यातला जरा मऊ निघाला. फिरतच होता, फिरतच होता. मग म्हटलं, जाऊ दे बाबा."

फिरतच होता म्हणजे बोल्ट ताणला गेला होता. बोल्ट ताणला म्हणजे हेडवरचा दाब सगळीकडे सारखा राहिला नव्हता. आणि एकदा असं चेंगरलेलं गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. सुट्या भागांच्या दुकानाला फोन केला. दुकानदार म्हणाला, "मागवावं लागेल. सोमवारनंतर बघा."

सोमवारनंतर! शर्यत रविवारी! मामांवर ओरडावं म्हटलं तर त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मीच त्यांना घाम पुसायला फडकं दिलं. आणि ओरडणार तरी कोणत्या तोंडाने? त्यांना कुकर कोणी सांगितला होता? मला जेवण गेलं नाही. वर्षभर ती पहाटे उठून सराव करत होती, आणि मी एका कपभर चहात त्यावर पाणी ओतलं होतं. इतकी लाज मला लग्नात हार तिच्याऐवजी तिच्या बहिणीसमोर धरला होता तेव्हाही वाटली नव्हती.

शनिवारी सकाळी ती आली. बॅग खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. वाटाणे, ड्रायर, पाइप, सगळं. मधे आई म्हणाली, "मी तरी सांगत होते, अजून थोडा वेळ राहू दे फ्रीजरमध्ये." मामा म्हणाले, "हल्लीचे बोल्टच हलके." बायकोने बॅग खाली ठेवली. गॅरेजमध्ये गेली, तो कोपऱ्यातला बोल्ट काढून उजेडात धरला, भोकातल्या आट्यांमध्ये बॅटरी मारून आरशाने बघितलं, पेशंटच्या दाढेत बघते तसंच.

"आटे शाबूत आहेत," ती म्हणाली.

मग घरात जाऊन तिच्या दवाखान्याच्या सामानाचं कुलूपबंद कपाट उघडलं आणि आतून एक चपटं खोकं काढलं. नवं गॅस्केट! सोबत बोल्टचा नवा कोरा संच!

"हे... हे कधी मागवलंस?"

"पहिलं मागवलं तेव्हाच."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता!"

"होता रे," ती म्हणाली. "म्हणून तर एकच जादा मागवलं."

"मग मला आधी सांगितलं का नाहीस? माझा जीव टांगणीला लागला होता!"

"सांगितलं असतं तर मी येईपर्यंत तेही संपवलं असतंस."

मी हातमोजे चढवायला लागलो. तिने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि माझ्या हातात एक खुर्ची दिली.

"दाराबाहेर बस. आत कोणाला सोडू नकोस."

बसलो. आणि सांगतो, असा बसलो की विचारू नका! आई तेलाची वाटी घेऊन आली, तिला परतवलं. मामा पाठीमागे पाइप लपवून आले, म्हणे सहज फेरी मारायला आलो, त्यांनाही परतवलं. आतून टिक्, टिक् ऐकू येत होतं आणि बोल्ट मधल्यापासूनच का आवळायचे याची पोळीपेक्षाही सोपी उपमा मला सुचत होती. दोनदा उठलो. दोनदा स्वतःलाच परतवलं.

रविवारी गाडी घाट चढून गेली. धूर नाही, गळती नाही, आवाज असा की शेजारी उभे असलेल्यांना बोलणं सोडावं लागलं! बायको गटात तिसरी आली. वरच्या गटात, पहिल्याच खेपेला! मला रडू आलं, हे कबूल करतो. हातात डबा होता म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

मेकॅनिक कमरेला पट्टा बांधून आला होता. त्याने वाकायचा प्रयत्न केला, मग नाद सोडून इंजिनाला दुरूनच निरखलं आणि विचारलं, "बसवलंय झकास! ताईंनी एकट्यांनीच केलं?"

"छे, ह्याच्यामुळे झालं," बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती फुगली. आई आणि मामा कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मेकॅनिकने हात पुढे केला.

"काय केलंत तुम्ही?"

मी तोंड उघडणार इतक्यात बायकोच म्हणाली, "हा बाहेर बसला होता."

मेकॅनिकने माझा हात दाबून जोरात हलवला. म्हणाला, "मोठं काम केलंत, साहेब. सगळ्यांना नाही जमत!"

हे माझं कौतुकच होतं ना? मी अजूनही तसंच समजून चाललोय.