तुळसा कोल्हीण घरी परतते

एका जंगलात, बाळांनो, बायकांवर फार माया होती. वाघमहाराजांनी कायदाच केला होता की कोणत्याही मादीला तिच्या राहत्या बिळातून कोणी हाकलू नये. अंमलबजावणीसाठी संरक्षण अधिकारी म्हणून कासवाची नेमणूक झाली. संरक्षणाचा इतका अनुभव जंगलात दुसऱ्या कोणाला नव्हता.

त्या जंगलात तुळसा नावाची कोल्हीण होती. ऐन पावसाळ्यात तिचा नवरा, रावजी कोल्हा, तिला चावला आणि दोन पिल्लांसकट त्यानं तिला बिळाबाहेर काढलं. का? शिकार बेचव आणली म्हणून.

तुळसा भिजत कासवाकडे गेली.

"बाई, अजिबात काळजी करू नका," कासव म्हणालं. "कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. पुरावा आणलाय?"

"हा बघा ना साहेब, कान फाडलाय त्यानं."

"फाटलाय खरा. पण आधी तो धड होता, याचा काही दाखला?"

दाखला नव्हता. तो मिळेपर्यंत आठ दिवस गेले. रावजीला नोटीस द्यायला कासव स्वतः निघालं. बीळ हाकेच्या अंतरावर होतं. पोचायला महिना लागला.

मग समुपदेशन झालं. समुपदेशक तरसकाका होते, रावजीच्या रोजच्या बैठकीतले.

"चावतो म्हणजे जीव आहे त्याचा तुझ्यावर," काका म्हणाले. "आमच्या घरी पण होतं की हे. आमची काही बोलत नाही."

तुळसा काही बोलली नाही. काकांनी 'समाधानकारक चर्चा' असं लिहून घेतलं. दरम्यान धाकटं पिल्लू गारठून आजारी पडलं. तुळसा त्याला पोटाशी धरून झुडपाखाली बसायची आणि तारखा मोजायची.

शेवटी न्यायाधीश बगळेसाहेबांनी एका पायावर उभं राहून निकाल दिला. रावजीनं तुळसाला बिळाबाहेर काढू नये!

निकालाचं पान तोंडात धरून तुळसा बिळाशी गेली. रावजी दारातच आडवा पसरला होता. त्यानं पान दोनदा वाचलं.

"कोर्टाचा मला आदर आहे," तो म्हणाला. "मी तुला बाहेर काढणार नाही. तू आधीच बाहेर आहेस. आत घ्या असं यात कुठं लिहिलंय?"

तुळसा पुन्हा कासवाकडे आली. कासवानं पान निरखून पाहिलं.

"मुद्दा बिनतोड आहे त्याचा," ते म्हणालं. "खुलाशासाठी नवा अर्ज करा." आणि मान आत घेतली.

कचेरीच्या रांगेत भागाबाई साळिंदर बसली होती. तिचाही अर्ज तीन पावसाळे पडून होता. तिनं आजारी पिल्लाकडे पाहिलं.

"अगं तुळसे, बीळ कुठंय तुझं?"

दोघी गेल्या. भागाबाईनं काटे फुलवले, पाठ वळवली आणि उलट्या पावलांनी ती बिळात शिरू लागली. रावजी आधी हसला. मग ओरडला. मग बिळाच्या मागच्या तोंडानं पळाला, तो थेट कासवाच्या कचेरीत.

"यांनी कायदा हातात घेतला!"

त्या दिवशी कासवाची चपळाई पाहण्यासारखी होती. तक्रार उभ्याउभ्या नोंदवली. पुरावा मागितला नाही. रावजीच्या पार्श्वभागात अकरा काटे होते. भागाबाईला समन्स तासाभरात पोचलं.

"अगं बाई," भागाबाई म्हणाली, "म्हणजे हा कायदा चालतो होय!"

तुळसा मात्र बिळातच राहिली. पिल्लू सुधारलं, मोठ्याला चावू लागलं. वर्षाअखेरीस कासवानं 'एक पीडिता स्वगृही परत' असा अहवाल पाठवला, आणि वाघमहाराजांनी त्याच्या पाठीवर पदक चिकटवलं. भागाबाईची सुनावणी अजून सुरू आहे. प्रत्येक तारखेला तुळसा तिच्यासोबत जाते.

तात्पर्य: कायदा दुबळ्यांचं रक्षण करतोच. दुबळ्यांनी फक्त आधी थोडं बळकट व्हावं, म्हणजे त्याला सोपं जातं.