एल्झाबाईचे लुगडे

बासष्ट वर्षांची एक विधवा मी साधारण चार सेकंदांत निर्माण केली. तारीख माझ्या रोजनिशीत आहे : २६ फेब्रुवारी १९६७, रविवार, हवा कोरडी, माझा खोकला थोडा कमी. स्थळ : माकुणसार, माझ्या सासूबाईंचा ओटा.

(रोजनिशी मी एकोणीस वर्षे लिहितो आहे. ती लिहायला मला कुणी शिकवले नाही आणि ती कुणी वाचतही नाही. यातली दुसरी गोष्ट आता खरी राहिलेली नाही, पण ते ओघाने येईलच.)

माझा मेहुणा शांताराम, म्हणजे आमच्या सुलूचा धाकटा आणि एकुलता भाऊ, तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम निघाले तेव्हा तिथे पंप बसवण्याच्या कामावर लागला. गोऱ्या साहेबांच्या हाताखाली तो दोन गोष्टी शिकला, पंप आणि इंग्रजी, आणि तेवढ्या भांडवलावर सव्विसाव्या वर्षी जर्मनीत, कोलोन शहरी, एका कारखान्यात जाऊन बसला. त्याची पत्रे पालघरला माझ्या पत्त्यावर येत. मी कचेरीत कारकून, तेव्हा ज्याच्यावर शिक्का असतो ते सगळे जावयबापूंना कळते, अशी सासूबाईंची समजूत. पत्र आले की पुढच्या रविवारी मी आणि सुलू गाडीने सफाळ्याला उतरून माकुणसारला जायचे, आणि ओट्यावर पत्राचे वाचन व्हायचे. चहाला अर्धी आळी जमायची.

प्रत्येक पत्राच्या डोक्यावर शांतारामचे एक वाक्य ठरलेले : "भावोजी, आईला निवडून वाचून दाखवा." तांदूळ निवडतात तसे निवडायचे. त्या दिवशीच्या पत्रात तांदूळ कमी आणि खडेच जास्त होते. मूळ मजकूर असा :

"गुरुवारी इथे बायकांचा सण होता. त्या दिवशी बायका कात्र्या घेऊन फिरतात, दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात आणि भरपाई म्हणून त्याच्या गालाचा मुका घेतात. माझे तीन टाय गेले. (तिसरा मी मुद्दाम घालून गेलो होतो.) शनिवारी एल्झाबरोबर पॅरिसला गेलो. एल्झा आमच्या कारखान्यात टायपिस्ट आहे, बावीस वर्षांची. आणखी चौघे होते. एका तळघरात पहाटे चारपर्यंत नाचलो. बिअर झाली. मग स्टेशनच्या बाकावर झोपलो, तिथून पोलिसाने उठवले."

मी चष्मा लावला आणि वाचले, "गुरुवारी माझे तीन टाय गेले."

"गेले म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचे नाव नर्मदा; पण प्रश्न विचारताना त्या थांबत नाहीत, वाहतात.

"चोरीला."

"एका दिसात तीन? गल्यातले काढून नेले?"

"थंडी फार असते, आई. तीन-तीन घालतात."

ओट्यावर हळहळ झाली. हळहळ झाली की वाचणाऱ्याला चढते. मी झोकात पुढे गेलो, "शनिवारी एल्झाबरोबर पॅरिस..."

"कोन एल्झा?"

इथे ते चार सेकंद. पहिल्यात मी खोकलो. दुसऱ्यात सुलूकडे पाहिले. तिसऱ्यात नाकावरचा चष्मा शोधला. चौथ्यात म्हणालो, "घरमालकीण. बासष्ट वर्षांची. विधवा."

"पोरंबालं?"

"नाहीत."

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या. त्या एका 'अरेरे'बरोबर प्रकरण माझ्या हातातून गेले.

एवढे घाबरायचे कारण काय, तर त्याच ओट्यावर, खांबाला टेकून, कृष्णकांतभाऊ बशीने चहा पीत होते. हे आमच्या सासूबाईंच्याच गावचे वाडीवाले. वाडीतली केळी, शिवाय अंडी आणि कोंबड्या, ते तारापूरच्या गोऱ्यांच्या वसाहतीत पुरवत. त्यांची मुलगी विजया सफाळ्याच्या शाळेत मास्तरीण. तिचे आणि शांतारामचे जमावे म्हणून सासूबाईंनी केळव्याच्या शितळादेवीला साकडे घातले होते. आणि खुद्द शांताराम? पॅरिसमध्ये नाचून आलेल्या पत्राच्या तळाशीही त्याची शेवटची ओळ तीच : "विजयाकडचे काय म्हणतात?" जाण्याआधी तो सहा महिने सफाळ्याच्या शाळेसमोर विनाकारण रेंगाळत असे, हे मला माहीत होते. तेव्हा मुलगा तिकडे धुतल्या तांदळासारखा राहतो, हे कृष्णकांतभाऊंच्या कानांवर घालणे ही माझी जबाबदारी होती. मी कचेरीतही कुठली जबाबदारी इतकी मनापासून उचललेली नाही.

मग एल्झाबाई वाढत गेली. शांताराम ॲमस्टरडॅमला सायकलसकट कालव्यात पडला, तेव्हा मी एल्झाबाईला चर्चमध्ये नेऊन आणले. तो ब्रुसेल्सला दोन दिवस बेपत्ता होता, ते दोन दिवस मी त्याला एल्झाबाईच्या गुडघ्याची सेवा करायला लावली. (दुखरा गुडघा तिला मी दिला. माझाच दुखत होता, तपशील हाताशी होता.) बिअरचे दूध केले. पहाटे चारचे रात्री नऊ केले. खोटे बोलणाऱ्याला स्मरणशक्ती लागते आणि मला ती नाही, म्हणून मी रोजनिशीत डाव्या पानावर खरे पत्र आणि उजव्या पानावर वाचलेले पत्र अशी पद्धत ठेवली. पत्रे आणि रोजनिशी लोखंडी ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली माझ्या करगोट्याला.

जूनमध्ये सासूबाईंनी माझ्या हातात एक गाठोडे दिले. "एल्झाबाईला पोष्टानं धाडा." आत हिरव्या काठाचे जांभळे नऊवारी लुगडे, निरगुडीच्या तेलाची बाटली आणि सुके बोंबील.

"आई, बोंबील परदेशात जात नाहीत."

"मंग तेल नि लुगडं धाडा. बोंबील तुमी घ्या. एकटी बाई हाय बिचारी. माज्या पोराला बघते."

जी बाई नाही तिचा पत्ता पोस्टालाही सापडत नाही. गाठोडे मी कचेरीत नेले. बोंबील तिथे दोन दिवसांत संपले (सगळ्या खात्याने सहकार्य केले), आणि लुगडे व बाटली ट्रंकेच्या तळाशी गेली. पुढच्या महिन्यात मी वाचले, "एल्झाबाईला लुगडे फार आवडले. रविवारी नेसून चर्चला गेली."

"नेसवलं कोनी?"

हा प्रश्न माझ्या उजव्या पानावर नव्हता. "शांतारामने," मी म्हणालो.

"माज्या शांतूनं? बाईला?"

"चित्र काढून दिलं, आई. एकेक निरी दाखवून."

ओटा समाधान पावला. मीही पावलो. आता फक्त कृष्णकांतभाऊंचा होकार यायचा होता.

नोव्हेंबरात आला तो नकार.

सासूबाई पहिल्या गाडीने पालघरला आमच्या घरी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. जेवल्या नाहीत. सुलू रडली. कारण विचारावे म्हणून मी कृष्णकांतभाऊंना निरोप धाडला. ते दुपारी आले. विजयाची त्या दिवशी पालघरला मास्तरांची सभा होती, म्हणून तीही बरोबर होती. तिने पदर सावरला, सगळ्यांना नमस्कार केला आणि कोपऱ्यात बसून माझ्या कपाटातल्या पुस्तकांची नावे वाचू लागली.

"भाऊसाहेब," कृष्णकांतभाऊ म्हणाले, "आमी लपवत नाय, तुमीपन लपवू नका. पोराला रोग काय हाय?"

"रोग?"

"सनवारी रातच्याला नऊला झोपतो. दूध पितो. गाव बघाया जातो नि देऊल बघून परत येतो. जवान पोरगा! आमी तारापूरला गोऱ्यांची घरं आतून बघतो. सनवार आला का बाटल्या, बाजा, नाच, कोंबड्या मला पुऱ्या पडत नाय. यकच साहेब होता तुमच्या शांतारामासारका. दूध प्यायचा, नऊला झोपायचा. त्याला छातीचा रोग निघाला, मायदेशी धाडला. आता त्याच मुलकात जाऊन तुमचा पोरगा दूध पितो. का?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "शांतू आजारी हाय? नि मला सांगितलं नाय?"

मी फार गोंधळलो. "आजारी कसला! चांगला ठणठणीत आहे! पहाटे चारपर्यंत नाचतो!"

सासूबाईंच्या तोंडावरचा पदर खाली आला.

"कोन नाचतो?" सासूबाई म्हणाल्या.

बोललेला शब्द उजव्या पानावर घेता येत नाही. मी करगोट्याची किल्ली काढली, ट्रंक उघडली आणि पत्रांचा गठ्ठा कृष्णकांतभाऊंसमोर ठेवला. त्यांनी तो न बघता मुलीकडे सरकवला. "वाच गो. शाली शिकवतेस ना. न निवडता वाच."

विजयाने वाचले. बाकावर झोपलेले वाचले, कालव्यात पडलेले वाचले. तीन टायांपाशी ती थांबली. तिसऱ्या टायचा कंस तिने मनात वाचला, मग मोठ्याने वाचला, आणि मग तिला हसू आवरेना.

"मुका गालाचाच ना?" सासूबाईंनी विचारले.

"गालाचाच लिहिलाय, आजी."

"मंग ठीक. नि ती एल्झा?"

विजयाने पुढची पत्रे चाळली. "ऑगस्टात तिचं लग्न झालं. ट्रामच्या कंडक्टरशी. लग्नात ह्यांनी वाढपी म्हणून काम केलं आणि सूप नवरदेवावर सांडलं."

तो 'ह्यांनी' कृष्णकांतभाऊंनी ऐकला. मीही ऐकला. सुलूने तर डोळे पुसून चहाचे आधण ठेवले.

"छाती बरी हाय म्हंजे," कृष्णकांतभाऊ म्हणाले. "चारपर्यंत नाचतो त्याला काय धाड भरली! आमच्याकडून हो."

"त्यांना कळवा, काका," विजया मला म्हणाली, "पुढचा टाय मी कापणार."

सगळे हसले. मीही हसत हसत ट्रंकेचे झाकण लावू लागलो, तोच सासूबाईंनी नाक वर केले. "थांबा. निरगुडी."

त्यांनी हात घातला. बाटली निघाली, अर्धी. मग लुगडे निघाले, घडीसुद्धा न मोडलेले.

"हे हितं कसं?"

"परत आलं," मी म्हणालो. "म्हातारी... वारली." (निर्माण करायला चार सेकंद लागले होते. मारायला एकही लागला नाही.)

"अहो," सुलू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दिवाळीला तर तिचे नमस्कार वाचलेत!"

"काका," विजया म्हणाली. तिच्या हातात आता माझी रोजनिशी होती. "इथं उजव्या पानावर लाल शाईने लिहिलंय : 'एल्झाबाई, वय ६२, गुडघा उजवा. विसरू नये.'"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे बाई नव्हतीच?"

"नव्हती, आई."

"नि अर्धं तेल?"

"माझा उजवा गुडघा."

"मी तिच्या गुडघ्यासाटी देवीला नारल फोडला, जावयबापू. तीन खेपा."

"तो लागू पडला, आई," मी म्हणालो. खरोखरच पडला होता; पण ते सांगायची ती वेळ नव्हती. सासूबाईंनी लुगड्यावरून एकदा हात फिरवला, ते पिशवीत घातले, उरलेले तेलही घातले, आणि संध्याकाळच्या गाडीने माकुणसारला गेल्या. त्या न बोलता गेल्या याचीच मला सहा महिने धास्ती होती.

पुढच्या मे महिन्यात शांताराम आला. माकुणसारच्या मांडवात तो मुंडावळ्यांखाली टाय घालून बसला आणि अक्षता पडल्यावर विजयाने शालूच्या ओच्यात खोचलेली कात्री काढून तो अर्ध्यावर कापला. तिच्या आईने डोळे घट्ट मिटून घेतले. तारापूरचे दोन गोरे साहेब आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुका मात्र झाला नाही. माकुणसार ते माकुणसारच.

मग मानपान सुरू झाले. व्याह्यांना फेटे बांधले, मामांना धोतरे दिली. "थोरले जावई!" अशी हाक आली. मी टोपी सरळ करून पुढे झालो. सासूबाईंनी स्वतः ताट आणले, वरचा रुमाल काढला. ताटात नारळ, निरगुडीच्या तेलाची भरलेली बाटली आणि हिरव्या काठाचे जांभळे लुगडे.

"बाईच्या नावानं काढलेलं," त्या साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "बाईला पोचलं पायजे."

शांताराम बोहल्यावरून ओरडला, "भावोजी, नेसायला चित्र काढून देऊ का?"

त्या दिवसाची नोंद माझ्या रोजनिशीत आहे : १२ मे १९६८, रविवार, उकाडा फार. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच डाव्या आणि उजव्या, दोन्ही पानांवर मला एकच मजकूर लिहावा लागला :

"लुगडे पोचले."