कोपऱ्यात जाऊन बसणारी खिडकी

"सर, तुमची खिडकी मोठी होते, पण परत लहान केली की डाव्या कोपऱ्यात जाऊन बसते. शुक्रवारपर्यंत नीट झाली तर ठीक. नाहीतर शनिवारी 'पाटी' काढून टाकू, नवीन सॉफ्टवेअर येऊन पडलंय."

मुरारच्या पॉलिटेक्निकमधले विभागप्रमुख जयसिंहराव शितोळे यांचा फोन संपला, तरी भालचंद्र मोघे मोबाइल कानाला लावून तसेच बसले होते. समोर निवडायला घेतलेली तूरडाळ होती.

"कोणाची खिडकी काढताहेत?" त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी विचारलं.

"माझी," भालचंद्र म्हणाले.

'पाटी' हा मोघेसरांनी पंचवीस वर्षांपूर्वी तिथे शिकवत असताना लिहिलेला प्रोग्रॅम. मुलांनी त्यात आपले प्रोग्रॅम लिहायचे, तिथेच चालवून बघायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो अजून वापरात होता. बाकी आयुष्यात आपण केलेलं दुसरं काही अजून चालू असेल, असं त्यांना वाटत नसे.

तेव्हा प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून जावं लागे. पेटीएवढे मॉनिटर आणि त्यांच्यावर सुनंदाबाईंनी शिवलेली फुलाफुलांची झाकणं. पहिला प्रोग्रॅम चालला की काही मुलं यंत्राला हात लावून नमस्कार करत. पडदेच इतके लहान होते, की खिडकी कोपऱ्यात बसली काय आणि मध्ये बसली काय, कोणाला कळत नसे. सरांना मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. प्रोग्रॅममध्ये खिडकी कोपऱ्यात नेणाऱ्या ओळीवर त्यांनीच लिहून ठेवलं होतं, 'तात्पुरते. पुढच्या सोमवारी नीट करणे.'

"किती सोमवार झाले हो?" आता घरच्या कॉम्प्युटरवर ती ओळ वाचून सुनंदाबाईंनी विचारलं. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. स्वतःच हिशेब करू लागल्या, तेव्हा सरांनी घाईघाईने कामाला सुरुवात केली.

काम सोपं होतं. मोठी होण्याआधी खिडकी केवढी होती आणि कुठे होती, ते लक्षात ठेवायचं. लहान करताना तिथेच परत न्यायची. बुधवारी संध्याकाळी त्यांनी सुनंदाबाईंना बटण दाबायला सांगितलं.

"मोठी झाली. आता दाबते हं लहान करायला... अहो, ही ढिम्म हलत नाही!"

सर माप घेत होते ते खिडकी मोठी झाल्यावर. त्यामुळे आपण मुळातच एवढे मोठे होतो, अशी खिडकीची समजूत झाली होती.

"आपल्या थाटीपूरच्या भाऊजींसारखं झालं," सुनंदाबाई म्हणाल्या. "रिटायर झाले, पण मान्य कुठे करतात?"

सरांनी ओळींचा क्रम बदलला. खिडकी शहाण्यासारखी वागू लागली. सरांनी ते चाळीस वेळा करून बघितलं, कारण एकोणचाळीस वेळांवर त्यांचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी दोघं दर्पण कॉलनीतल्या घरून रिक्षाने मुरारला गेले. प्रयोगशाळा सांभाळणारे दौलतसिंह दारातच पाया पडले. "आइए सर! आज लड़कों का टेस्ट है, सब इसी पर बैठेंगे."

तीस मुलं बसली. जयसिंहराव हात मागे बांधून उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या उन्नतीने खिडकी मोठी केली, लहान केली. अगदी होती तिथे आली. सरांनी श्वास सोडला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या राघवने आपली खिडकी ओढून रिबिनीसारखी चिंचोळी केली, आणि मोठी केली.

"अबे, मेरी किसने पतली कर दी?" केदार ओरडला.

"सर, माझी पण बघा ना, अपने आप हो गई!"

बघता बघता तीस पडद्यांवर तीस रिबिनी लटकू लागल्या. पूर्वी डिस्कवरची जागा वाचवायला सरांनी सगळ्या यंत्रांची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवली होती. आता एकाने माप बदललं की बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळत होतं.

"मोघेसर," जयसिंहराव शांतपणे म्हणाले, "यापेक्षा कोपरा बरा होता."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी प्रत्येक यंत्राची नोंद वेगळी केली. पाऊण तास लागला. सुनंदाबाई तेवढ्या वेळात मुलांना पाढे विचारत बसल्या, म्हणून कोणी हूं की चूं केलं नाही. मग मात्र सगळं बिनचूक झालं. कोणाची खिडकी उजवीकडे, कोणाची खाली, कोणाची अर्धा पडदा व्यापून. जिची तिची जागा तिला मिळाली.

टेस्ट सुरू झाली. दौलतसिंह दारापाशी आपल्या खुर्चीवर बसले आणि ताडकन उठले.

"सर, ये क्या कर दिया आपने?"

"का? काय झालं?"

"अब नकल कैसे पकड़ूँगा? टेस्ट शुरू होते ही मैं सबसे बटन दबवाता था. सबकी खिड़की कोने में, एक ही नाप की. बाकी परदा खाली. यहीं बैठे-बैठे दिख जाता था किसने बगल में क्या खोल रखा है! अब तो मेला लगा है, कुछ समझ ही नहीं आता."

जयसिंहराव वळले. "नव्या सॉफ्टवेअरमध्ये कॉपी अशी पकडता येते का?"

"कहाँ साहब. उसमें तो जहाँ छोड़ो, वहीं लौटती है."

"म्हणजे आत्तासारखीच?" जयसिंहरावांनी क्षणभर विचार केला. "मग नवीन राहू द्या. पाटीच ठेवू. सर, होती तशी करून द्या."

जयसिंहराव कौतुकाने हसत होते. "पण सर, मानलं तुम्हाला! इतक्या वर्षांपूर्वी हे विचार करून ठेवलं होतं ना तुम्ही?"

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. त्याच क्षणी सुनंदाबाईंची टाच त्यांच्या पायावर पडली. तोंड मिटलं. जयसिंहरावांना तो विनय वाटला.

परतताना रिक्षात सर अंग चोरून बसले होते.

"सुनंदा, मी खोटं बोललो का गं?"

"तुम्ही बोललात कुठे?"

सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. या बाबतीत पंचवीस वर्षांत ते कोणापाशीही एक अक्षर बोलले नव्हते. तेव्हा कुठे ते रिक्षात जरा सैल होऊन बसले.