एका टर्मचे आमदार

२०२३ साली देशमाने आमदार अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि ठराव मांडल्याशिवाय चहा पीत नव्हते. आमच्या ब्राउनश्वाइगच्या बिल्डिंगमागे एक बाक आहे. रोज सकाळी दहाला ते तिथे थर्मास ठेवायचे, उभे राहायचे आणि म्हणायचे, "चहा घ्यावा असा ठराव मांडतो. अनुकूल?" लगेच स्वतःच हात वर करायचे. सभागृहात दुसरा मीच. वरची जर्मन बाई खिडकीतून बघायची. तिला वाटायचं, म्हातारे व्यायाम करतात.

माणूस मूळचा सांगलीचा. अमेरिकेत इंजिनियर झाला, तिकडच्या एका राज्याच्या विधानसभेत दोन वर्षं बसला, पुढच्या निवडणुकीत पडला. म्हातारपणी मुलीकडे जर्मनीत आला. मी मुलाकडे आलेला. चौथी शिकलोय, पण आमदार बोलला म्हणून मान हलवणारा नाही.

"दोन वर्षांत केलंत काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कायदा केला, तात्या! मका ही राज्याची अधिकृत भाजी!"

"मका भाजी? अहो, आमच्या म्हशीला विचारा."

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक ठरावाला माझा विरोध. एकास एक मत, ठराव बारगळला. मग चहा आम्ही बेकायदेशीर प्यायचो.

नियमांचं वेड फार. "मंजूर ठराव परत उघडायला जिंकलेल्या बाजूचाच माणूस लागतो," रोज ऐकवायचे. "हरलेल्यानं गप्प बसायचं. मी बसलोच की!"

मग मुलीला ड्रेस्डेनला नोकरी लागली. ती गेली, हे मागे राहिले. ती रोज फोन करायची, "बाबा, या ना."

एका सकाळी थर्मास न उघडताच ते उभे राहिले. "मी ड्रेस्डेनला जावं असा ठराव मांडतो. अनुकूल?"

हात खांद्याच्या वर गेला नाही. माझ्याकडे बघत राहिले. मी रोजच्यासारखा विरोध केला असता की काम झालं असतं. पण म्हटलं, राहायचं तर स्वतःच्या तोंडानं सांगावं, माझ्या मताआड कशाला लपायचं? मी हात वर केला.

"एकमतानं मंजूर." आमदार खाली बसले. "तात्या, कधी नव्हे ते आज तुमचं विरोधी मत हवं होतं हो."

भरला थर्मास उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहाच्या आधीच बाकावर. ते आले तसा उठून उभा राहिलो.

"कालच्या ठरावाचा फेरविचार मागतो. जिंकलेल्या बाजूचा आहे मी."

"अनुमोदन कोण देणार?"

"सभागृहात दुसरे तुम्हीच."

आमदारांनी थर्मास बाकावर ठेवला, टोपी काढली आणि हात पार डोक्याच्या वर नेला.